सोसायटी ऑफ ॲक्चुअरीजचा नमुना प्रश्नसंच: परीक्षा ‘पी’साठी तो पुरेसा आहे का?

अमेरिकेतील सोसायटी ऑफ ॲक्चुअरीज या विम्यातील जोखमीचे गणित मांडणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या संभाव्यतेवरील परीक्षा ‘पी’मध्ये ३ तासांत ३० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात. तिच्या तयारीसाठी सोसायटीने उत्तरांसह विनामूल्य उपलब्ध करून दिलेला नमुना प्रश्नसंच मला कोणत्याही महागड्या मार्गदर्शकाआधी हाती घेण्यासारखा वाटतो. त्याचे खरे बळ विम्याच्या भाषेत मांडलेल्या प्रश्नांत आहे: वजावट (नुकसानापैकी विमाधारकाने स्वतः सोसायची रक्कम), भरपाईची कमाल मर्यादा आणि महागाईने वाढलेले नुकसान वाचताना गणिताइतकाच शब्दांचा कस लागतो. उदाहरणार्थ, नुकसान घातांकी वितरणाचे, त्याची सरासरी १००० आणि वजावट २०० असेल, तर वजावट ओलांडलेल्या दाव्यावरील अपेक्षित भरपाई १०००च राहते. परंतु वजावटीहून लहान नुकसानांची शून्य भरपाईही धरून प्रत्येक नुकसानामागील सरासरी भरपाई विचारली, तर उत्तर सुमारे ८१९ येते, आणि दोन्ही आकडे पर्यायांत असल्यास घाईत वाचणारा हमखास फसतो.

मात्र उत्तरे अत्यंत त्रोटक आहेत, त्यामुळे कलनशास्त्र विसरलेल्या वाचकाला ती दाद देणार नाहीत. त्याने आधी खंडशः संकलन पक्के करावे. जुनी मार्गदर्शके स्वस्तात मिळतात खरी, पण त्यांतील सलग चलांच्या संयुक्त वितरणांवरील दुहेरी संकलने २०२२मधील बदलानंतर अभ्यासक्रमात राहिलेली नाहीत. प्रश्न विषयवार सोडवून झाल्यावर ते सरमिसळ करून, परीक्षेत चालणाऱ्या गणकयंत्रावरच आणि सरासरी ६ मिनिटांच्या बंधनात पुन्हा सोडवावेत.