माती तपासा, पोती मात्र तिथून उचलू नका

तालुक्याच्या पेठेत एका कृषी सेवा केंद्राला लागूनच खासगी माती परीक्षण प्रयोगशाळा आहे. नाव लिहीत नाही. मालक ओळखीचे आहेत आणि खाली तक्रारी आहेत. आमच्या भागात अशी दुकानाला जोडलेली प्रयोगशाळा बऱ्याच ठिकाणी दिसते, त्यामुळे माझा अनुभव इतरांनाही उपयोगी पडेल.

आमची शेती वाळवा तालुक्यात, सगळा ऊस. एक तुकडा नदीकडचा, काळा आणि खोल. दुसरा वरचा, चुनखडीचा. हे पुण्यात नोकरीला, त्यामुळे खतापाण्याचा हिशेब माझ्याकडं. वरच्या तुकड्यात खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून येणारं पीक) फुटला की शेंड्याची पानं पिवळी, मग पांढरट पडायची. शेजारचे भाऊजी म्हणायचे, "वहिनी, युरिया कमी पडतोय, टाका अजून एक पोतं." पण नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. आमच्या उसात कोवळी पानं जात होती, शिरा हिरव्या आणि मधली पट्टी पांढरी. उगाच युरिया ओतण्यापेक्षा तपासणी बरी, म्हणून दोन्ही तुकड्यांची माती घेऊन गेले.

मागच्या खोलीत तपासणी करणारी मुलगी बसते, कृषी पदवीधर. तिला पैकीच्या पैकी गुण. माझ्यापुढं एक दादा डीएपी खताच्या रिकाम्या पोत्यातून माती घेऊन आले होते. तिनं ती सरळ परत पाठवली. स्फुरद भरमसाट दाखवेल, मग अहवालाला अर्थ काय? मला विचारलं, खड्डा किती खोल घेतला, बांधाजवळची किंवा उकिरड्याच्या जागेची माती तर नाही ना, शेवटचं खत कधी दिलं. ऊस तुटून गेल्यावर, खत पडायच्या आधी, वितीएवढे इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घेऊन, सगळी माती एकत्र कालवून, चार भाग करत समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणली होती. लोखंडी खुरप्याऐवजी लाकडी फळीनं खरवडली, कारण लोह नि जस्त बघायचं होतं. हे ऐकून तिनं मान हलवली आणि पावती फाडली.

एक गोष्ट पावतीच्या वेळीच सांगा. नेहमीच्या बारा घटकांत सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं येतात, मुक्त चुना येत नाही. तो वेगळे पैसे देऊन मागावा लागतो आणि काउंटरवर कुणी आपणहून सुचवत नाही. चुनखडीच्या रानात तोच आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. आमचा चुना 14 टक्के निघाला, लोह 2.1 पीपीएम (दहा लाख भागांत 2.1 भाग). लोहाची किमान गरज 4.5. जस्तही 0.6 च्या खाली. पिवळ्या पानांचं कोडं इथंच सुटलं: लोह कमी, आणि जे आहे ते चुन्यामुळं मुळांना मिळत नाही. युरिया कितीही टाकला असता तरी पानं हिरवी झाली नसती.

आता तक्रारी. अहवालाचं पहिलं पान चांगलं, दुसरं भयंकर. स्फुरद पीपीएममध्ये, पालाश हेक्टरी किलोत आणि आमचं सगळं गणित एकरावर. पीपीएमला 2.24 नं गुणलं की हेक्टरी किलो येतात, हे त्या मुलीनं सांगितलं म्हणून कळलं. छापलेलं कुठंच नाही. नत्राचा आकडा तर मोजलेलाच नव्हता, कर्बावरून काढलेला. विचारल्यावर तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. मग कागदावर तसं लिहा की!

त्याहून वाईट शिफारस. काळ्या रानात पालाश हेक्टरी 520 किलो, शेरा "अत्यंत जास्त". आणि त्याच कागदावर खाली आडसालीसाठी (पावसाळ्यात लावलेल्या, दीड वर्षाच्या उसासाठी) 400:170:170, म्हणजे हेक्टरी किलोत नत्र, स्फुरद, पालाश, जशीच्या तशी. ही विद्यापीठाची सर्वसाधारण मात्रा आहे, ती पाठ आहे आम्हाला. तपासणीवरून कमी-जास्त करून द्यायची नसेल तर माती कशाला द्यायची? एकरी 68 किलो पालाश म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशची सव्वादोन पोती. मी निम्मं टाकलं.

मग काउंटरवरचा माणूस अहवाल हातात घेऊन म्हणाला, "ताई, दोन्हीकडं जिप्सम टाका, आपल्याकडंच आहे." काळ्या रानाचा सामू 8.1, क्षारता 1.6. म्हणजे जमीन क्षारपड व्हायला लागलीय, चोपण झालेली नाही. जिप्सम चोपण जमिनीला, जिथं सोडियम वाढून सामू साडेआठच्या वर गेलेला असतो. आम्हाला हवा होता पाण्याचा निचरा: चर, आणि पाटानं मोकाट पाणी सोडणं बंद. पण चर काही पोत्यात भरून विकता येत नाही. वरच्या रानात तर चुनाच चुना, तिथं आणखी कॅल्शियम घालून काय मिळणार होतं?

मी तिथून काही घेतलं नाही. वरच्या तुकड्यात एकरी 10 किलो फेरस सल्फेट आणि 8 किलो झिंक सल्फेट शेणखतात आठवडाभर मुरवून सरीत दिलं, शिवाय फेरस सल्फेटची फवारणी. चुनखडीत ते नुसतं फेकलं तर वाया जातं, मुरवणं टाळू नका. नवीन पानं हिरवी आली. पाचट (उसाची वाळलेली पानं) आता पेटवत नाही, सेंद्रिय कर्ब 0.48 टक्क्यांवर अडकलाय आणि तो पोत्यानं वाढत नाही.

तर मागच्या खोलीला पाच तारे, पुढच्या काउंटरला एक. गर्दी एप्रिल-मेमध्ये होते, तेव्हा अहवाल रेंगाळतो. ऊस गेला की लगेच नमुना द्या. आणि अहवाल घ्यायला जाल तेव्हा काउंटरवरून तो हातात घेऊन तसेच मागं जा, त्या मुलीकडून वाचून घ्या. दुपारी दीड ते अडीच ती जेवायला घरी जाते.