नागपूर ते लंडन: दिल्लीमार्गे की मुंबईमार्गे?

नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून लंडन हवाई रेषेत साधारण ७,५०० किमी. दिल्लीमार्गे गेलं तर शंभरेक किमी वाढतात, मुंबईमार्गे चारशेच्या आसपास. नकाशावर मुंबई वाटेतली वाटते, पण पृथ्वी गोल आहे बाप्पा, वाट वायव्येला जाते!

तरी हा फरक हवेत जेमतेम अर्ध्या तासाचा. खरा वेळ खातो मधला थांबा. मुंबईत टर्मिनल १ ला उतरलात तर बॅगा घेऊन रस्त्याने टर्मिनल २ गाठा, तेही तिथल्या ट्रॅफिकमधून. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत धुकं. नागपूरचं विमान लेट, की पुढचं हुकलंच. म्हणून मी हिवाळ्यात मुंबई, एरवी दिल्ली. परतीला पश्चिमी वारे पाठीशी, प्रवास लवकर आटोपतो.