कमर्शियल मॉवरला डबल ब्लेड: पानगळीत कामाचं, पावसाळ्यात नको

नाशिकमध्ये 'लॉन्स' म्हटलं की आधी लग्न आठवतं, गवत नंतर. मंगल कार्यालयांची मोठाली लॉन्स, सातपूर-अंबडच्या कारखान्यांची आवारं, कॉलेजांची मैदानं. एवढं क्षेत्र ढकलायच्या मशीनने आवरत नाही, म्हणून झिरो-टर्न मॉवर, म्हणजे बसून चालवायचं, जागच्या जागी वळणारं गवत कापायचं मशीन घेतलं जातं. मग कुणीतरी सुचवतं, एका स्पिंडलवर (पातं फिरवणाऱ्या दांड्यावर) एकाऐवजी दोन पाती लावा, कापणी दुप्पट साफ होईल. हा आढावा त्या जोडणीचा आहे: 52 इंची डेक (पात्यांवरचं लोखंडी आवरण), तीन स्पिंडल, प्रत्येकावर 18 इंची दोन पाती, एकमेकांना काटकोनात. वर मशीनसोबत आलेलं हाय-लिफ्ट, म्हणजे मागच्या उंच पंखाने हवा ओढून गवत उभं करणारं; खाली दातेरी मल्चिंगचं, म्हणजे गवताचा चुरा करणारं पातं.

आधी त्या 'दुप्पट साफ'बद्दल. मॉवर ताशी 10 किलोमीटरने चालला आणि स्पिंडल मिनिटाला 3900 फेरे फिरला, तर एका फेऱ्यात मशीन सुमारे 4.3 सेंटिमीटर पुढे सरकतं. एकाच पात्याच्या दोन धारा असतात, म्हणजे प्रत्येक धारेच्या वाट्याला 2.1 सेंटिमीटर गवत येतं. धारेची लांबी 8-10 सेंटिमीटर असते, त्यामुळे एकच पातं हे काम आरामात करतं. दुसरं पातं खाली जोडल्यावर पहिलं त्याच्या वर, पात्याच्या जाडीइतकं म्हणजे सुमारे 6 मिलिमीटर उंच राहतं. गवताची शेवटची उंची खालचंच पातं ठरवतं. वरचं पातं करतं ते एवढंच: उडालेले तुकडे पुन्हा कापतं. म्हणजे फायदा कापलेल्या गवताच्या बारीकपणात आहे, लॉनच्या सफाईत नाही. लॉनवर शेंडे फाटलेले, दोन दिवसांनी पांढरट दिसत असतील तर दोष धारेचा आहे. दुसरं पातं लावून तो जात नाही.

जिथे बारीकपणाच हवा असतो, तिथे मात्र ही जोडणी बोलते. फेब्रुवारी-मार्चमध्ये रेन ट्री, बदाम, साग यांची पानगळ सुरू झाली की एकेरी पात्याने बदामाचं पान तीन-चार मोठ्या तुकड्यांत पडतं आणि वाऱ्याने पुन्हा कोपऱ्यात जमतं. डबल पात्याने, डेकचं तोंड मल्चिंगच्या झाकणाने बंद ठेवलं तर त्याचा चुरा होऊन गवताच्या बुडाशी जातो. गोणीत भरणं नाही, टेम्पोची फेरी नाही. लग्नाच्या लॉनवर आणखी एक सोय: संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी कापलं तरी साड्यांच्या काठांना लांब काड्या चिकटत नाहीत. गुलमोहराच्या शेंगा मात्र आधी वेचून घ्या. त्या लाकडासारख्या कडक असतात, चुरा होत नाहीत, पात्याला दणका देतात. रेन ट्रीच्या शेंगांचा गर चिकट असतो, तो डेकला आतून गुळासारखा बसतो आणि खरवडायला अर्धा तास जातो.

किंमत मोजावी लागते ती ताकदीत. पात्यांचं वजन दुप्पट, हवेचा अडथळा वाढलेला. 52 इंची डेकला 22-23 अश्वशक्तीचं इंजिन एकेरी पात्याला पुरतं, डबलला दाट गवतात गुदमरतं. 27च्या आसपास ताकद असेल तरच विचार करावा. 18 इंची पात्याच्या टोकाचा वेग 3900 फेऱ्यांना सेकंदाला सुमारे 93 मीटर असतो. फेरे दहा टक्क्यांनी उतरले की तो 84वर येतो, पंखाची ओढ कमी होते आणि गवत उभं न राहता वाकतं. इंजिनाचा आवाज जड झाला की मशीन चालवायचे लीव्हर मागे घ्या, वेग ताशी 5-6 किलोमीटरवर आणा. हळू चालवायची तयारी नसेल तर डबल ब्लेड घेऊ नका. दोन्ही पाती हाय-लिफ्ट लावणारेही भेटतात. त्यात इंधन जळतं आणि धूळ उडते, बाकी हाती काही लागत नाही.

दुसरा भार क्लचवर. पाती इंजिनाला जोडणारा इलेक्ट्रिक क्लच पूर्ण थ्रॉटलवर टाकला तर एवढी जड पाती शून्यावरून वेगात आणताना तो घसरतो आणि तापतो. निम्म्या थ्रॉटलवर टाका, पाती फिरू लागली की मग पूर्ण करा. बंद केल्यावरही ती जास्त वेळ फिरत राहतात. डेकजवळ हात न्यायची घाई नको. बेल्टची बाजू चकचकीत, काचेसारखी दिसू लागली किंवा जळका वास आला तर स्प्रिंगचा ताण आणि पुली तपासा.

बसवण्यात लोक सर्वात जास्त चुकतात, म्हणून हे जरा सावकाश. किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, स्पार्क प्लगच्या टोप्या काढा. मशीन नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड द्या. पातं आणि डेक यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून बोल्ट सोडवा. 5/8 इंची बोल्टला 15/16 इंचाचा पाना लागतो. आता जुना बोल्ट बाजूला ठेवा, कारण मध्ये 6 मिलिमीटरचं पातं वाढलं की आट्यांची पकड तेवढी कमी होते. निदान बोल्टच्या व्यासाइतके, म्हणजे 16 मिलिमीटर आटे आत गेलेच पाहिजेत. पाव इंच जास्त लांबीचा, त्याच आट्यांचा, ग्रेड 8चा बोल्ट घ्या. वाटीच्या आकाराचा वायसर असेल तर त्याची फुगीर बाजू बोल्टच्या डोक्याकडे. दोन्ही पात्यांचे पंख वर, डेककडे. बहुतेक मशीनना 5/8 इंची बोल्टसाठी 100 ते 120 न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क (आवळण्याचा जोर) सांगितलेला असतो, पण तुमच्या पुस्तिकेतला आकडा धरा आणि टॉर्क पानाच वापरा. हवेच्या गनने आवळलेला बोल्ट किती आवळला गेला ते कुणालाच कळत नाही.

मग तिन्ही स्पिंडल हाताने, वेगवेगळ्या कोनांत फिरवून पाहा. मधला स्पिंडल पुढे सरकवलेला असेल तर शेजारच्या पात्यांची वर्तुळं एकमेकांत शिरत नाहीत आणि काटकोन चालतो. काही डेकमध्ये मात्र दातेरी बेल्टने पाती एकमेकांच्या ठेक्यात फिरवलेली असतात आणि त्यांची वर्तुळं एकमेकांत घुसतात. तिथे काटकोनातलं दुसरं पातं पहिल्याच फेऱ्यात शेजाऱ्याला धडकेल. अशा डेकला ही जोडणी बसतच नाही. खालचं पातं डेकच्या कडेखाली डोकावत नाही ना, हेही बघा. आणि कापणी आता 6 मिलिमीटर खालून होणार आहे, तेव्हा उंचीची खूण तेवढी वर घ्या. हे विसरल्याने उंचवट्यांवर लॉन खरवडलेलं दिसतं.

गोल भोकाची पाती फक्त दाबाने एकमेकांना धरून असतात. दगडाचा दणका बसला की खालचं पातं सरकतं, काटकोन मोडतो आणि दोन्ही पाती एकावर एक येतात. चुरा अचानक जाडा पडू लागतो. मधल्या भागात दोन्ही पात्यांवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवा, रोज सकाळी वाकून पाहिलं की कळतं.

लग्नाच्या लॉनवरचा खरा शत्रू दगड नाही, बाइंडिंग वायर आहे. मांडववाले तारेचे तुकडे, गालिच्याचे खिळे, फुलांच्या माळांचा नायलॉन दोरा मागे ठेवून जातात. एकेरी पात्यावर तार बहुधा फेकली जाते. डबलमध्ये ती दोन पात्यांच्या सांध्यात अडकते, स्पिंडलभोवती गुंडाळते आणि बेअरिंगचं सील कापते. सील गेलं की धूळ आत, महिना-दोन महिन्यांत बेअरिंगची घरघर. कार्यक्रमानंतर चाकांचं चुंबक फिरवल्याशिवाय मॉवर आत घेऊ नये, आणि दर कापणीनंतर स्पिंडलखाली बोट फिरवून दोरा काढावा, अर्थातच स्पार्क प्लगच्या टोप्या काढलेल्या असताना.

धार तीस अंशांची, दर 8-10 तासांनी. मुरूम उघडा पडलेल्या जागी त्याहून लवकर. प्रत्येक पात्याचा तोल स्वतंत्र पाहायचा. दोघांचा मिळून तोल लागतो असं समजणं चूक. पंखाची जाडी झिजून निम्मी झाली की पातं भंगारात. सहा पाती मशीनवर आणि सहा धार लावून तयार, असा संच नसेल तर काम थांबत राहतं. सुक्या पानांचा चुरा इंजिनाच्या जाळीवर आणि सायलेन्सरजवळ साचतो, एअर फिल्टरही लवकर भरतो. पानगळीत हे रोज झटकावं लागतं.

जून ते सप्टेंबर मात्र ही जोडणी काढून ठेवा. ओलं गवत दोन पात्यांमध्ये घोळत राहतं, डेकच्या छताला थर बसतो, मग त्याचे हिरवे गोळे लॉनवर पडतात आणि खालचं गवत पिवळं होतं. तेव्हा एकेरी हाय-लिफ्ट, बाजूचं तोंड उघडं, आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. बुटक्या, दाट मेक्सिकन लॉनला तर डबलची गरज कुठल्याच ऋतूत नाही, तुकडे मुळातच लहान पडतात. ढकलायच्या 21 इंची मशीनवरही नको. तिथे पातं थेट इंजिनाच्या क्रँकवर असतं आणि दणक्यात फ्लायव्हील जागेवर धरणारी छोटी चावी तुटते, कधी क्रँकच वाकतो.

घ्यायचंच असेल तर पहिल्यांदा एकेरी मल्चिंग पातं आणि झाकण लावून एक पानगळ काढा. बऱ्याच आवारांचं तेवढ्यावर भागतं.

पावसाआधी एकेरी पात्यावर परत येताना बोल्टही जुनाच लावा. लांब बोल्ट तसाच राहिला तर तो स्पिंडलच्या भोकाच्या तळाला टेकतो, टॉर्क पाना बरोबर आकड्यावर टक् करतो आणि पातं सैलच राहतं. दोन्ही बोल्टांच्या डोक्यांना वेगवेगळा रंग मारून ठेवा.