अडचणीच्या काळातली प्रार्थना: विषयवार पुस्तिका की स्तोत्रसंहिता?

घरात मोठं आजारपण आलं, नोकरी गेली किंवा माणूस गेलं, की मंडळीतलं कोणीतरी एखादी छोटी प्रार्थनापुस्तिका हातात ठेवतं. आत आशेसाठी, शांतीसाठी, विश्वासात टिकून राहण्यासाठी अशा विषयवार प्रार्थना असतात. बायबल तर घरात असतंच आणि त्यात स्तोत्रसंहिता, म्हणजे दीडशे प्रार्थनागीतांचं पुस्तक. दोन्हींचं तोंड देवाकडेच आहे, त्यामुळे कशालाही कमी लेखायचं नाही. पण दिवसभर धावपळ करून थकलेल्या माणसाच्या हातून रात्री एकच काहीतरी उघडलं जातं. पत्नीच्या आजारपणात मी दोन्हींचा आधार घेतला आणि शेवटी एकापाशी थांबलो. त्या अनुभवावरून लिहितो आहे.

पुस्तिकेची बाजू आधी सांगतो, कारण ती भक्कम आहे. भाषा आजची असते. अनुक्रमणिका पाहिली की हवं ते पान सापडतं. ज्याला चार माणसांत मोठ्याने प्रार्थना करायची सवय नाही, त्याला शब्द आयते मिळतात. ऑपरेशन, कर्जाचे हप्ते, मुलांचं शिक्षण यांचा थेट उल्लेख असतो. स्तोत्रांत हे काही मिळणार नाही. शिवाय नवख्याने बायबल उघडलं आणि 109वं स्तोत्र समोर आलं, तर शत्रूला दिलेले शाप वाचून तो बिचकेल. 119वं लागलं तर 176 वचनं आहेत, रुग्णाच्या उशाशी बसून ती कोण वाचणार?

मला अडलं ते पुस्तिकेतल्या प्रार्थनांच्या शेवटाशी. मला मिळालेल्या पुस्तिकेत जवळपास प्रत्येक प्रार्थना दुःखापासून सुरू व्हायची आणि पान संपायच्या आत विजयावर पोहोचायची. आजारपणाची प्रार्थना तर बरं केल्याबद्दल आभार मानूनच संपायची, झालंच आहे असं धरून. आमचा बायोप्सीचा रिपोर्ट यायचा होता. वॉर्डातले मोठे दिवे बंद झाले होते, पत्नीच्या हाताला सलाईन होतं, मी मोबाइलच्या उजेडात हळू आवाजात वाचत होतो. ती डोळे मिटून ऐकत होती. शेवटच्या ओळीनंतर मी ‘आमेन’ म्हटलं, ती गप्प राहिली. विचारलं तर म्हणाली, “अजून झालेलं नाही ना. जे झालं नाही ते झालं म्हणून देवाला कशाला सांगायचं?”

अशा प्रार्थनेला शास्त्राचा आधार नाही असं नाही. मागितलेलं मिळालंच आहे असा विश्वास धरा, हे प्रभू येशूचेच शब्द आहेत, मार्काच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात. त्या बळावर तरलेली माणसं मी आमच्याच मंडळीत पाहिली आहेत आणि त्यांच्या साक्षीवर माझा विश्वास आहे. पण त्याच प्रभूने पकडलं जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ अशी विनवणी केली आणि पुढचं पित्याच्या इच्छेवर सोडलं. आम्हा दोघांना त्या रात्री गेथशेमाने जवळची वाटली.

त्यानंतर तेरावं स्तोत्र काढलं. जेमतेम सहा वचनं. पहिल्या दोनांतच दावीद राजा, ज्याच्या नावावर हे स्तोत्र आहे, ‘कोठवर?’ असं चार वेळा विचारतो: कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार. शेवटाला तोही भरवशावर आणि गाण्यावर येतो, पण त्याआधी गाऱ्हाणं पुरतं मांडू दिलेलं असतं. पत्नीने त्या रात्री ते पुन्हा वाचायला लावलं. पुस्तिका मी बॅगेत ठेवली, ती पुढे बाहेर काढावीशी वाटली नाही.

आता ज्या तीन गोष्टी माणूस अशा वेळी मागतो, त्या शेजारी शेजारी ठेवून पाहू.

आशेच्या बाबतीत पुस्तिका सरळ धीर देते. स्तोत्रांत बेचाळिसावं आणि त्रेचाळिसावं एकत्र वाचा. ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हे पालुपद दोन्हींत मिळून तीनदा येतं. स्तोत्रकर्ता स्वतःच्या जिवाला समजावतो, ‘देवाची आशा धर’ म्हणतो, आणि काही वचनांनी पुन्हा खचतो. पुन्हा समजावतो. आजारपणातले दिवस असेच जातात. सकाळी डॉक्टर हसून बोलले की उभारी येते, संध्याकाळी ताप चढला की जीव खाली बसतो. एकदाच धीर देऊन मोकळ्या होणाऱ्या प्रार्थनेला संध्याकाळच्या तापापर्यंत साथ देता येत नाही, असं मला वाटतं.

शांतीसाठी मात्र दोन्हींत फारसा फरक पडत नाही. पुस्तिकांमधून संत फ्रान्सिसच्या नावाने छापलेली शांतीची प्रार्थना असते, ती मलाही प्रिय आहे. ती खुद्द फ्रान्सिसची असल्याचा पुरावा नाही. ती प्रथम 1912 साली एका फ्रेंच मासिकात, लेखकाच्या नावाशिवाय आली. त्याने तिची गोडी कमी होत नाही. तरी ती ‘मला तुझ्या शांतीचं साधन कर’ असं मागते, म्हणजे दुसऱ्यासाठी काही करायची ताकद आपल्यात शिल्लक आहे हे धरून चालते. ती ताकद नसेल त्या दिवशी 131वं स्तोत्र. तीनच वचनं, आईजवळ निवांत असलेल्या, दूध तुटलेल्या बाळाचं चित्र आणि मोठमोठ्या गोष्टींच्या मागे न लागण्याची कबुली.

विश्वासूपणाच्या बाबतीत माझं मन पक्कं झालं. 89वं स्तोत्र देवाच्या विश्वासूपणाच्या गाण्याने सुरू होतं आणि अखेरीकडे ‘तुझी पूर्वीची दया कुठे गेली?’ असं देवालाच विचारतं. त्याच्या आधीचं 88वं तर अंधारातच संपतं, दिलाशाची एक ओळ शेवटी नाही. तरी ते रात्रंदिवस त्याच देवाला हाक मारत राहतं. उत्तर आलेलं नसताना हाक थांबवायची नाही, यालाच मी विश्वासूपणा म्हणेन. पुस्तिकेत अशा प्रार्थनेला जागा मिळालेली मी पाहिली नाही. बायबलात तिला जागा आहे, यातच मला मोठा दिलासा वाटला.

जपमाळेबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, आमच्या मंडळीत ती नाही. शेजारच्या खाटेवरच्या वसईच्या मावशी रोज जपमाळ करत. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं, म्हणजे मनन करायचे प्रभूच्या दुःखसहनाचे प्रसंग, असतात आणि त्यातलं पहिलंच गेथशेमानेचं, हे त्यांनीच सांगितलं. मन अजिबात लागत नसेल तेव्हा बोटांना आणि ओठांना आधार मिळतो, हे त्यांच्याकडे पाहून पटलं. कॅथलिक घरात वाढलेल्यांनी ती सोडून दुसरं काही शोधू नये.

‘उपासना संगीत’ या आमच्या मराठी गीतांच्या पुस्तकाची गोष्ट वेगळी. त्यातली रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं लहानपणापासून कानावर असतील, तर पुस्तकही लागत नाही, चाल आठवली की शब्द मागोमाग येतात. पण वॉर्डात गाता येत नाही आणि घसा दाटून आला की घरीही. स्तोत्र मात्र पुटपुटलं तरी चालतं.

तुम्ही ठरवत असाल तर माझं नम्र मत स्तोत्रांकडे झुकतं. फक्त पहिल्यापासून क्रमाने सुरुवात करू नका. रात्रीसाठी चौथं, भीती वाटेल तेव्हा 46वं, घराबाहेर पडताना 121वं, आणि काहीच सुचेनासं झालं की तेरावं, एवढ्या चार ठिकाणी कागदाच्या पट्ट्या घालून ठेवा. घरात कोणी नुकताच प्रभूकडे आलेला असेल किंवा जुनी भाषा जड जात असेल, तर त्याच्या हातात पुस्तिका राहू द्या. आणि रुग्णासाठी वाचणार असाल तर आधी त्याला विचारा, कारण कोणत्या ओळीला ‘आमेन’ म्हणायचं ते त्याने ठरवायचं आहे.