बडोद्याच्या गोत्री रोडचं मॉड्युलर किचन शोरूम : डिस्प्ले बघायला नाही, डिझायनर बाईंना भेटायला जा

ह्यांच्याकडून किचन करून घेतलं, वापरून झालं बऱ्यापैकी, म्हणून लिहितेय.

आमचं घर बडोद्यातच, समा भागात, तळमजला. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हा खालची सगळी कपाटं पार्टिकल बोर्डची होती, ती भिजलेल्या टोस्टसारखी झाली, हात लावला की भुगा. वरच्या ग्रॅनाइटला मात्र काही म्हणजे काही झालं नाही. त्यामुळे आम्हाला स्टाईलचा विचार पाण्यापासूनच करायचा होता आणि सेल्समनने सुरुवात केली हँडललेस ग्लॉसी अ‍ॅक्रिलिकपासून! "बेन, आजकाल आ ज चाले छे." चालत असेल बाबा.

मग डिझायनर बाई आल्या आणि त्यांनी कॅटलॉग उघडलाच नाही. दिवसातून फोडण्या किती, तळण किती, फराळ घरी करता का, ओट्याशी जास्त वेळ कोण उभं असतं, हे विचारत बसल्या आणि मग एकेक स्टाईल आपसूकच गळत गेली. फार्महाऊसवाले उघडे शेल्फ फोटोत छान दिसतात पण आपल्याकडे फोडणीचा धूर आणि वरून धूळ, थोड्याच दिवसांत डबे चिकट. हँडललेसमध्ये दार उघडायला जी खाच असते तिथे कणकेचे हात लागले की ती खाचच भरते. सासूबाईंना शेकर फार आवडलं होतं, म्हणजे दाराला चौकट आणि मधला भाग खोलगट, पण त्या चौकटीच्या कोपऱ्यात तेलकट मेण बसतं, म्हणून ते शेगडीपासून लांब, डायनिंगमधल्या क्रॉकरी युनिटला दिलं. सासूबाई खूश.

किचनला शेवटी सेमी मॉड्युलर. खाली दगडाचेच उभे पार्टिशन, त्याला फक्त शटर म्हणजे दारं, तेही आयएस ७१० वाल्या (पाण्याला टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) मरीन प्लायचे, मॅट लॅमिनेट, साधे लांब हँडल. पुन्हा पाणी आलंच तर फार तर शटर बदलावे लागतील. ओट्याला पांढऱ्या क्वार्ट्झचा आग्रह शोरूमवाल्यांनी बराच केला पण त्यात प्लास्टिकसारखं रेझिन असतं, गरम कढई थेट ठेवली तर डाग पडू शकतो आणि हळदीचं तर बोलायलाच नको. आम्ही जुना ग्रॅनाइटच धुऊन परत बसवला. ओटा साधारण ३४ इंच उंच करतात, सासूबाई जेमतेम पाच फूट, म्हणून शेगडीची बाजू ३२ आणि सिंककडची ३४ केली. ही आयडिया बाईंचीच, आणि मला विचाराल तर सगळ्या कामात हीच सगळ्यात भारी.

आता वाईट. आधी दाखवलेल्या थ्रीडी चित्रामध्ये मिक्सर नाही, पाण्याचा फिल्टर नाही, पाइप गॅसची लाइन तर नाहीच, ओट्यावर काय तर कुंडी आणि लिंबांची वाटी!! मग काम चालू असताना शटरच्या बाजूच्या पॅनेलला भोक पाडलं आणि त्याची कड तशीच उघडी, म्हणजे मरीन प्लाय घेऊन पाण्याला दार आपणच उघडून द्यायचं. मागे लागल्यावर सील केलं. डिलिव्हरीची तारीखही बरोबर नवरात्रात दिली, बडोद्यात नवरात्रात कारागीर सापडतो का कधी, काम अर्थातच दसऱ्यानंतर.

कोटेशन घेताना स्क्वेअर फुटाच्या रेटवर जाऊ नका, ह्यांच्या रेटमध्ये बास्केट, सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या, चिमणीचा पाइप काहीच नव्हतं, प्रत्येकाचे पैसे वेगळे, ते सगळं आधी लिहून मागा. लिहून मागितलं की देतात, वाद घालत नाहीत.

क्रॉकरी युनिटचं एक दार अजून घासतंय, माणूस पाठवतो म्हणालेत.