सात महिने सर्व्हायव्हल मोड खेळून: बर्फाच्या पाण्याने मारावं की नाही

जून-जुलै हे दोन महिने आमच्या मासेमारीच्या धंद्यात तसे रिकामेच. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदी असते, गोव्यातल्या मालीमच्या जेटीवर सगळ्या बोटी दोराने बांधून ठेवलेल्या, बर्फाची गाडी येत नाही आणि मी पडलो त्या बर्फाचा हिशेब लिहिणारा माणूस, म्हणजे बर्फ नाही तर कामही नाही. अशात साखळीहून भाचा आला, बारावीतला, आणि माझ्या लॅपटॉपवर कित्येक वर्षं नुसतं पडून असलेलं स्कायरिम, म्हणजे तलवारी-जादूचा व्हिडिओ गेम, उघडून म्हणाला, मामा, यात सर्व्हायव्हल मोड आहे, भूक, झोप, थंडी सगळं लागतं, तुम्ही चालू का करत नाही? मी म्हटलं असला काही प्रकार आहे हेच मला माहीत नाही. तर तो आधी वेगळा विकत मिळायचा, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये गेमला दहा वर्षं झाली तेव्हाच्या अपडेटमध्ये स्पेशल एडिशन या नव्या आवृत्तीवाल्यांना फुकट दिला. तेव्हापासून माझ्याकडे होता म्हणायचा. जूनमध्ये चालू केला, आज जानेवारी संपत आलाय, मध्ये दोनदा वैतागून बंद केला आणि दोन्ही वेळा परत चालू केला. त्याचाच हा अनुभव, पण सगळ्या मोडबद्दल नाही लिहीत, भूक-झोप वगैरे ठीक आहे, त्यात सांगण्यासारखं फार नाही. मला लिहायचंय ते पाण्याबद्दल.

पहिला मेलो तो विंडहेल्मला. ज्यांनी खेळलंय त्यांना माहीत असेल, शहराला दगडी लांब पूल आहे आणि खालून नदी जाते. मला पलीकडे जायचं होतं, पुलापर्यंत परत कोण वळसा घालणार म्हणून जुन्या सवयीने सरळ पाण्यात उतरलो. भाचा मागे पोह्यांची बशी घेऊन बसलेला, तो ओरडला, 'मामा, उदकांत देंवूं नाका!' तोपर्यंत मी मध्यावर. जीव दाखवणारी लाल पट्टी सरसर खाली यायला लागली, मला वाटलं कोणीतरी बाण मारतंय म्हणून मी पाण्यात मान फिरवून शत्रू शोधतोय, आणि काठ चार हातांवर असताना गेलो. चाळीस मिनिटांचा खेळ पाण्यात, अक्षरशः.

आता गंमत बघा, हाच गेम मी २०१३ च्या आसपास साधा खेळलो होतो. साध्या गेममध्ये त्या उत्तरेच्या समुद्रात, सी ऑफ घोस्ट्समध्ये, बाजूने बर्फाचे तराफे तरंगत असतात आणि तुम्ही लंगोटीवर तासभर पोहलात तरी केसाला धक्का लागत नाही. आणि खरं सांगतो, तेव्हा मला ते कधी खटकलंच नाही. आम्हा गोव्याच्या लोकांच्या डोक्यात पाणी थंड असतं हेच मुळात नाही. जानेवारीत पहाटे मिरामारच्या समुद्रात जाऊन पाय घाला, वाऱ्याने अंगावर काटा येईल पण पाणी कोमटच लागणार. पारा विशीला टेकला की आमच्या घरी आईची कानटोपी बाहेर येते, ती आमची थंडी. त्यामुळे पाण्याने माणूस मरतो तो बुडून, गारठून नाही, हे इतकं पक्कं बसलेलं की गेम बनवणाऱ्यांनी ते विसरलं हे मला दहा वर्षं दिसलंच नाही.

चालू केल्यावर काय बदललं, तर नकाशा. आधी नदी म्हणजे रस्ताच होता, उलट रस्त्यापेक्षा बरा, लांडगे नाहीत, दरोडेखोर नाहीत. आता खालच्या पाइनच्या जंगलांकडे नदीत उतरलं तर फारसं काही होत नाही, पण उत्तरेला गेलं की नदी म्हणजे भिंत. पूल कुठे आहे हे बघून मी वाट ठरवायला लागलो. फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावर जागा निवडून थेट तिथे पोचणं, या मोडमध्ये बंद असतो, घोडागाडी तेवढी चालते, म्हणजे निघायच्या आधी विचार करावा लागतो की अंगावर फरचे कपडे आहेत का, मशाल आहे का, गरम सूप किती वाट्या आहेत. एकदा विंटरहोल्डहून डॉनस्टारला किनाऱ्याकिनाऱ्याने निघालो, रात्र, बर्फ पडतोय, पुढचं काही दिसत नाही, आणि एका ठिकाणी किनारा तुटलेला, समोर बर्फाचे तराफे. एकावरून दुसऱ्यावर उडी. पाय घसरला की खेळ खलास. त्या दहा मिनिटांत मला जी धडकी भरली ती या गेममध्ये ड्रॅगन आला तेव्हाही भरली नव्हती. ड्रॅगन काय, दहाव्यानंतर डासासारखे वाटतात. पण ते काळं पाणी, नाही. बायकोने विचारलं पण, एवढा घाम कसला पुसतोस, पंखा लाव.

तेव्हा माझं पहिलं म्हणणं हेच, की थंड पाण्याने इजा व्हायलाच हवी. भाचा म्हणतो ड्रॅगन आहेत, हातातून आग निघते, मेलेली माणसं उठून मारायला येतात, त्यात तुम्हाला पाण्याचंच काय पडलंय. मी म्हणतो अरे म्हणूनच. आग हातातून निघते पण ती भाजते ना? कड्यावरून पडलं तर हाडं मोडतात ना? मग बर्फाच्या पाण्याने काय घोडं मारलंय? जादू कितीही असू दे, आग आगीसारखी आणि बर्फ बर्फासारखा वागला की बाकीचं सगळं खोटं आपण आनंदाने खपवून घेतो.

पण या मोडने जे केलंय त्यावर माझी तक्रार आहे, आणि ती मी बर्फाच्या खोक्यात हात घालून पडताळलेली आहे.

ऑगस्टमध्ये बंदी उठली, बोटी परत सुरू झाल्या. जेटीवर बांगड्याचे खोके असतात, त्यात बर्फ वितळून पाणी झालेलं असतं, मासा, बर्फ आणि पाणी सगळं एकत्र. एक दिवस काम जरा ढिलं होतं, मी मोबाईलवर वेळ लावली आणि उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत आत घातला. पहिली दहा सेकंद तर बरंच वाटलं, ऑगस्टची उकड. मग दुखायला लागलं, कातडीला नाही, आत हाडाला, दात दुखतो तसं. एक मिनिटाच्या पुढे तोंडातून आपोआप शिव्या. आणि दोन-अडीच मिनिटांनी दुखणं कमी झालं, मला वाटलं जिंकलो. तीन मिनिटांनी हात बाहेर काढला आणि मोबाईल बंद करायला गेलो तर अंगठा भलत्याच आकड्यावर पडतोय. बर्फाच्या पावतीवर सही करायला पेन धरलं, पेन धरलंय हे डोळ्यांना दिसतंय पण बोटांना कळत नाही, सही पहिलीतल्या पोरासारखी आली. ती पावती अजून ठेवलीय मी. रक्त एक थेंब गेलं नाही, जीवाला काही झालं नाही, पण त्या क्षणी मला कोणी तलवार उपसायला सांगितली असती तर ती पाण्यातच पडली असती.

मग वाचलं थोडं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट म्हणून संशोधक आहेत, बर्फाच्या पाण्यात स्वतः उतरून अभ्यास करणारे, त्यांचा १-१०-१ असा नियम सांगतात. पहिलं १ मिनिट श्वासाचं, धक्क्याने धाप लागते, तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर तिथेच संपलं. पुढची १० मिनिटं हातपाय चालतात तेवढी, मग हळूहळू ते ऐकेनासे होतात. आणि गारठून शुद्ध जायला जवळजवळ १ तास. म्हणजे माणूस थंडीने मरतो हे खरं, पण थंडी सगळ्यात शेवटी येते, आधी श्वास जातो, मग हात जातात, आणि हात गेले म्हणून बुडतो. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता पंचवीसेक पट वेगाने ओढून घेतं, तरी एवढा वेळ.

आणि मोड काय करतो? पाय भिजला की थेट जीव कमी करायला लागतो. उतरल्या क्षणापासून. जणू नदीत पाणी नाही, ॲसिड आहे. सगळ्यात राग कशाचा येतो तर याच मोडमध्ये पाण्याबाहेरची थंडी नीट केलीय, गारठा वाढत गेला की चाल मंदावते, कुलूप उघडताना हात चालत नाही, जीवाची वरची मर्यादा जरा जरा कापली जाते, म्हणजे बनवणाऱ्याला माहीत आहे थंडी काय करते! त्याहून पुढचं म्हणजे २०११ च्या मूळ गेममध्येच बर्फाची जादू आहे. एखाद्या जादूगाराने तुमच्यावर बर्फाची जादू सोडली तर जीव जातो, सोबत दमही जातो आणि तुमची चाल मंदावते. नियम तयार होता, लिहून ठेवलेला. तो उचलून पाण्याला लावायचा, बस. पाण्यात उतरलं की आधी दम संपत जावा, पोहणं जड व्हावं, बाहेर आल्यावर थोडा वेळ शस्त्र धरता येऊ नये, आणि तरीही आतच राहिलात तर मग जीव घ्या, माझी काही हरकत नाही.

कागदावर खेळायच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत हे जास्त बरं जमवलंय असं माझं मत. तिथे तुमच्या अंगातली ताकद, कॉन्स्टिट्यूशन, जितकी तितकी मिनिटं गारठणाऱ्या पाण्यात काहीच होत नाही, त्यानंतर दर मिनिटाला फासा टाकायचा, चुकला तर थकव्याची एक पायरी. ज्याच्यावर थंडीचा मारा कमी चालतो तो आपोआप सुटतो. जीव नाही, थकवा. लिहिणाऱ्याने बहुतेक कधीतरी बांगड्याच्या खोक्यात हात घातला असणार.

झेल्डाचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड हा गेम भाच्याच्या मित्राच्या स्विच या गेमयंत्रावर थोडा खेळलो, तिथेही थंड पाण्यात नायक लिंकची हृदयं, म्हणजे जीव, पटापट जातात, म्हणजे चूक तीच, पण तिथे राग येत नाही. सुरुवातीच्या पठारावरच डोंगराकडे गेलं की तो कुडकुडायला लागतो, तिखट मिरच्या घालून जेवण शिजवलं की थंडी सोसते, गरम डगला मिळतो, म्हणजे गेम आधी शिकवतो आणि मग मारतो. मिरच्या खाऊन थंडी पळवायची ही कल्पना तर आमच्या घरात सगळ्यांना पटली. विचर ३ या गेममध्ये स्केलिगे बेटांच्या समुद्रात नायक गेराल्ट खुशाल डुंबतो, तो विचर म्हणजे मुद्दाम बदलवलेला माणूस आहे म्हणून सोडून देऊ.

भाच्याने मात्र मला दोनदा कोंडीत पकडलं. एकदा त्याने लुईस प्यू काढला, २००७ मध्ये उत्तर ध्रुवावर नुसत्या चड्डीवर १ किलोमीटर पोहलेला माणूस, पाणी उणे १.७ अंश, जवळजवळ १९ मिनिटं. म्हणे तो मेला नाही, आणि तुमचा स्कायरिममधला नॉर्ड जमातीचा माणूस, जो जन्मतःच बर्फाची जादू निम्मी सोसतो, तो नदी ओलांडताना मरतो? मी म्हटलं बरोबर आहे, पण त्या प्यूनेच नंतर सांगितलंय की बोटांची जाणीव परत यायला महिने लागले. बघ, परत हातच.

दुसऱ्यांदा त्याने आर्गोनियन घेतला, गेममधली सरड्यासारखी जमात, पाण्याखाली श्वास घेते. तो म्हणतो पाण्यातलाच प्राणी पाण्याने कसा मरेल. इथे मला कुंभारजुव्याचा कालवा आठवला. तिथल्या मगरी थंडीच्या दिवसांत सकाळी चिखलावर येऊन ऊन खात पडलेल्या असतात, होडीवाले पर्यटकांना नेमके तेव्हाच दाखवतात. आमच्या इथल्या थंडीत तिची ही गत, मग बर्फात सरड्याचं काय होणार? माझ्या मते आर्गोनियनला तर माणसापेक्षा जास्त लागायला हवं, बुडणार नाही पण लाकडासारखा तळाशी पडून राहील. यावर तो गप्प झाला आणि मग म्हणाला, मामा, हा गेम तुम्ही बनवला तर कोणी खेळणार नाही. असेलही.

ज्यांना मोड चालू करायचाय त्यांना एवढंच सांगतो, पहिल्यांदा खेळत असाल तर नका करू, वैतागाल. एकदा साधा खेळून झाला असेल तर जरूर करा, सेटिंगमधून कधीही बंद होतो. उत्तरेला जायच्या आधी सूप साठवा. आणि त्याच २०२१ च्या अपडेटमध्ये मासेमारी पण आलीय, काठावर उभं राहून गळ टाकायचा, पाण्यात उतरायला लागत नाही. दिवसभर जेटीवर माशांचा हिशेब लिहून रात्री घरी येऊन परत मासे धरतो म्हणून घरात माझी यथेच्छ चेष्टा झालेली आहे.

आत्ता या घडीला माझा माणूस डॉनस्टारच्या पूर्वेला एका तराफ्यावर उभा आहे. मशाल विझलीय, सूप एक वाटी, किनारा समोर दिसतोय आणि मध्ये पाणी असेल सात-आठ हात. उडी पोचणार नाही हे मला माहीत आहे. परवा रात्री तिथेच सेव्ह करून झोपलो, काल हिंमत झाली नाही. भाच्याला फोन केला तर म्हणतो माझी प्रीलिम आहे, तुमचं तुम्ही बघा.