पेट्रोलातलं पाणी, उद्यमनगरचे मेस्त्री आणि पाच लिटरचं माप

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्या दुरुस्त करणाऱ्या आमच्या मेस्त्रींनी माझ्या स्कूटरच्या टाकीतलं पेट्रोल पाण्याच्या एका रिकाम्या बाटलीत काढलं, बाटली शेडच्या कट्ट्यावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, चहा घेऊन या तवर. मग दावतो." मी चहाला गेले नाही, तिथंच उभी राहिले. दहा मिनिटांत बाटलीत दोन थर वेगळे झाले. वर पिवळसर पेट्रोल आणि खाली चार बोटं धुरकट पाणी. त्याआधी दोन दिवस हीच गाडी शहरातल्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये उभी होती. तिथून मला फोनवर ६,८०० रुपयांचा अंदाज सांगितला होता: कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) नवा, टाकी नवी, शिवाय मजुरी.

माझी ॲक्टिव्हा २०१४ ची, कार्बोरेटरची. कोल्हापूरहून शिवाजी पूल ओलांडून वडणगे फाटा, केर्ली, वाघबीळ करत पन्हाळा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी रोज जाते. जाऊन-येऊन ४४ किलोमीटर. शाळा द्विशिक्षकी आहे. मी वेळेत पोचले नाही तर चार वर्गांची पोरं एकट्या सरांच्या अंगावर पडतात. म्हणून गाडीच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. तेल कधी बदललं, पेट्रोल कुठं आणि किती घातलं, किती किलोमीटर झाले, सगळं एका वहीत लिहून ठेवते. हे सगळं लिहिताना तीच वही समोर आहे.

गेल्या जुलैतली गोष्ट. रात्रभर धो-धो पाऊस झाला होता, पंचगंगा चढत होती. रेडेडोहातून नदीचं पाणी बाहेर पडलं, म्हणजे आमच्याकडं म्हणतात तसा 'रेडेडोह फुटला', की आमचा रस्ता बंद होतो, त्यामुळं त्या दिवसांत सगळेच घाईत असतात. मीही नेहमीचा पंप सोडून वाटेतल्या दुसऱ्याच पंपावर २०० रुपयांचं पेट्रोल घातलं. त्या पंपाच्या आवारात, जमिनीतल्या टाक्यांची झाकणं असतात नेमकं तिथं, घोटाभर पाणी साचलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. त्याचा अर्थ तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही.

केर्ली ओलांडली आणि गाडी आचके द्यायला लागली. ॲक्सिलरेटर पिळला की दबायची, सोडला की पुन्हा जरा उचलायची. वाघबीळच्या चढाला ती बंद पडली ती पडलीच. दुधाचा एक रिकामा टेम्पो शहराकडं परत निघाला होता. त्यातल्या दोन पोरांनी पावसात उतरून गाडी वर चढवली आणि भाडं ठरवायच्या आधी माझ्या हातात छत्री दिली. मेस्त्रींना फोन लावला तर ते गगनबावड्याकडं, गावी, भाताच्या रोप लावणीला गेलेले. परत यायला दोन दिवस होते. म्हणून गाडी सर्व्हिस सेंटरला सोडली.

त्या सेंटरबद्दल अन्याय नको. गाडी नवी असताना मी तिथंच न्यायचे. मोफत सर्व्हिसिंगची तारीख ते स्वतः फोन करून कळवायचे, बिल छापील मिळायचं, बसायला नीट जागा, स्वच्छ स्वच्छतागृह. बायकांना या शेवटच्या गोष्टीचं किती मोल असतं ते वेगळं सांगायला नको. पण या वेळी मी विचारलं, "कार्बोरेटर खराब झालाय तो मला दाखवता का?" तर उत्तर आलं, "मॅडम, वर्कशॉपमध्ये कस्टमरला आत सोडत नाही." मग म्हटलं, बाहेर आणून दाखवा. तेही झालं नाही. मला राग याचा आला की, टाकीतलं पेट्रोल काढून बघण्याआधीच पार्टांची यादी तयार झाली होती. तपासणीचे ३५० रुपये भरले आणि गाडी पुन्हा टेम्पोत घातली.

शिवाजी उद्यमनगरात ज्यांनी कधी गाडी नेली असेल त्यांना तो भाग माहीत आहे. लेथच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचं. एका शेडमध्ये बोअरिंग, शेजारी वेल्डिंग, समोर कुणी शाफ्ट सरळ करून देतंय. आमच्या मेस्त्रींची शेड दोन गाळ्यांच्या मध्ये, जेमतेम चार गाड्या मावतील एवढी. बाटलीतले थर मला दाखवून ते म्हणाले, "गाडीचं काय बिघडलेलं नाही. हिच्या पोटात पाणी गेलंय."

मग त्यांनी जे समजावलं ते मी जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं, आणि नंतर वर्गातल्या पोरांना सांगितलंसुद्धा. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाण्याला ओढतं. थोडंसं पाणी आलं तर ते पेट्रोलात जिरून जातं, गाडीला कळतही नाही. पण पाणी एका हद्दीबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलाला सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. म्हणून तळाला दिसणारा थर आत शिरलेल्या पाण्यापेक्षा मोठा असतो. पेट्रोल टाकीच्या तळातूनच कार्बोरेटरकडं येतं, म्हणजे इंजिनाला पहिला घोट त्या पाण्याचाच मिळतो. माझ्या गाडीचे आचके यातले होते.

त्यांनी टाकी उतरवून रिकामी केली, कोरडी केली. कार्बोरेटरची वाटी उघडून जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक छिद्रं, हवा मारून साफ केले. पेट्रोलची रबरी नळी वाकवून मला दाखवली. वाकवल्या जागी बारीक भेगा पडल्या होत्या. इथेनॉलनं जुन्या गाड्यांचं रबर लवकर कडक होतं असा त्यांचा अनुभव आहे, म्हणून नळी आणि एक ओ-रिंग (रबराची कडी) बदलली. प्लग बदलूया का, असं मीच विचारलं. "कशाला? ह्यो अजून पाच हजार किलोमीटर जाईल," म्हणून घासून परत बसवला. सगळे मिळून ६४० रुपये झाले. जुनी नळी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचाच, हा त्यांचा शिरस्ता आहे. न मागता देतात.

या माणसाची आणि माझी ओळख २०१९ च्या महापुरातली. ऑगस्टमध्ये आमच्या शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हा गाडी तीन दिवस सीटपर्यंत बुडालेली होती. पाणी ओसरल्यावर गल्लीतल्या पोरांनी उत्साहानं एकेक गाडी चालू करून बघायला सुरुवात केली. मेस्त्री तेव्हा शेजाऱ्यांची गाडी न्यायला आले होते. लांबूनच ओरडले, "स्टार्टर मारू नका! कोणी स्टार्टर मारू नका!" आत पाणी असताना इंजिन फिरवलं की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजाराच्या कामाचं दहा हजारांचं काम होतं. माझ्या गाडीतलं तेल त्यांनी काढलं तर अगदी दुधाच्या चहासारखं निघालं. नवं तेल घालून थोडा वेळ चालवायची, काढायचं, पुन्हा घालायचं, असं तीनदा केलं. तेलाचे पैसे घेतले, मजुरी निम्मीच घेतली. गल्लीत सगळ्यांना हाच हिशेब. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा आम्ही गाड्या आधीच उंचावर नेऊन लावल्या, पण मेस्त्रींच्या शेडबाहेर इतरांच्या गाड्यांची रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती.

आता पंपाबद्दल, कारण खरा दोष तिथला होता.

मी त्या पंपावर परत गेले. पेट्रोलची बाटली घेऊन गाडीवर फिरू नका असं मेस्त्रींनी बजावलं होतं, म्हणून मोबाइलमध्ये बाटलीचा फोटो घेऊन गेले. पेट्रोल घालताना बिल घेतलं नव्हतं ही माझी चूक. सुदैवानं पैसे मोबाइलवरून दिले होते, त्यात वेळ आणि रक्कम होती. मॅनेजरचं पहिलं वाक्य होतं, "पावसाचं पाणी तुमच्याच गाडीत गेलं असणार." मी सीट उचलून दाखवली. माझ्या गाडीत टाकीचं झाकण सीटच्या खाली आहे, पाऊस तिथं सहज पोचत नाही. मग तक्रार वही मागितली. ती मालकांकडं आहे म्हणाले. मी थांबते म्हटलं. अर्ध्या तासानं वही टेबलाच्या खणातून निघाली. तारीख, वेळ, मशिनचा नंबर आणि फोटोचा उल्लेख करून तक्रार लिहिली. आठ दिवसांनी तेल कंपनीच्या अधिकाऱ्यांचा फोन आला, टाकी तपासून साफ करून घेतली म्हणाले. माझे २०० रुपये आणि टेम्पोची दोन भाडी परत मिळाली नाहीत. त्याहीपेक्षा मला त्या पोरांचं वाईट वाटलं ज्यांनी त्या दिवशी तिथंच पेट्रोल घातलं असेल आणि कुठल्यातरी सेंटरमध्ये नवा कार्बोरेटर बसवून घेतला असेल.

सध्या मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका पंपावर जाते. शाळेच्या वाटेवर नाही, तीन किलोमीटर वाकडी वाट पडते, तरी जाते. पहिल्याच दिवशी तिथल्या पोराला म्हटलं, "मला पाच लिटरच्या मापानं मोजून बघायचंय." कपाळावर आठी न आणता तो आत गेला आणि शिक्का मारलेलं माप घेऊन आला. माझ्यासमोर शून्य दाखवून ५ लिटर सोडलं. मापाच्या गळ्यावरच्या खुणेपेक्षा १० मिलीलिटर कमी भरलं. ५ लिटरला २५ मिलीलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. मोजलेलं पेट्रोल परत पंपाच्या टाकीत गेलं, मला एक पैसा पडला नाही. हे माप प्रत्येक पंपावर असावंच लागतं आणि कुणाही गिऱ्हाईकाला ते मागता येतं. २०० ऐवजी २१० चं घालावं म्हणजे फसवता येत नाही, असं आमच्या स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं ऐकत आले. एकदा माप डोळ्यांनी बघितल्यावर त्या आकड्यांचा विचारच मी सोडून दिला.

त्याच पोरानं फिल्टर पेपरही आणला. नोझलचं तोंड पुसून कागदावर एक थेंब टाकला. दोन मिनिटांत उडून गेला, डाग राहिला नाही. डाग राहिला तर भेसळीचा संशय धरायचा. पाण्यासाठी मात्र वेगळी तपासणी असते. लांब गजाला पेस्ट लावून तो जमिनीतल्या टाकीत सोडतात, पाणी असेल तितक्या उंचीपर्यंत पेस्टचा रंग बदलतो. पावसाळ्यात रोज सकाळी पंप उघडायच्या आधी आम्ही हे करतो असं त्यानं सांगितलं आणि त्याची नोंदवहीही दाखवली. बिलावर पेट्रोलची घनता छापून येते. हवा फुकट आहे, आणि हवेच्या मशिनजवळ खरोखरच माणूस उभा असतो.

वहीतला हिशेब सांगते. पूर्वी माझी गाडी लिटरला ४६ किलोमीटर द्यायची, आता ४३ देते. मेस्त्री म्हणतात, यात पंपाचा किंवा गाडीचा दोष नाही. इथेनॉलात पेट्रोलापेक्षा ताकदच कमी, तेव्हा एवढा फरक पडणारच. नोव्हेंबरात त्यांनी बेल्ट आणि रोलर बदलले तेव्हाही आधी जुना बेल्ट उलटा करून भेगा दाखवल्या, मगच नवा बसवला.

त्यांच्याकडं उणं काय तेही सांगितलं पाहिजे. फोन लागला तरी उचलतील याची खात्री नाही. संध्याकाळी पाचला देतो म्हणाले तर सात धरून चाला. बिल म्हणजे जुन्या डायरीचं पान. बसायला दोन टायर एकावर एक ठेवलेले, वर फळी. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय जवळपास नाही, आणि दोन-तीन तास थांबायचं तर ही मोठी अडचण आहे. मी हे त्यांना तोंडावर सांगितलंय. आता ते, "बाई, घरी जावा, पोरगं गाडी घेऊन येईल," असं स्वतःहून म्हणतात आणि पोरगं खरंच गाडी घेऊन येतं. कार्बोरेटरऐवजी इंधन इंजेक्शन असलेल्या नव्या गाड्यांना स्कॅनर लागतो, त्या ते बघत नाहीत. ते आपलं काम नव्हे असं सरळ सांगतात आणि शेजारच्या तरुण मुलाकडं पाठवतात.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, सोमवारी शेड बंद असते. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आधी फोन करा. रोप लावण असेल तर ते गावी असतात.